दाराचा खटका : आकाराने लहान, जबाबदारीने मोठा

अहमदपूर : जुन्या, नामांकित स्पोर्ट्स कारची हुबेहूब प्रतिकृती बांधणाऱ्या हौशी मंडळींचे सारे लक्ष इंजिन, रंग आणि चाकांकडे असते. गाडी रस्त्यावर आल्यानंतर मात्र पहिली तक्रार येते ती दारांची. दार एका धक्क्यात लागत नाही, लागले तरी खडखडते आणि गाडी खड्ड्यातून गेली की अचानक उघडते. अशा वेळी खटका, म्हणजेच दाराचे लॉक, बदलण्याचा सल्ला दिला जातो. तो बदलूनही तक्रार कायम राहू शकते. कारण मूळ दोष पुष्कळदा खटक्यात नसून बिजागरी, दार आणि सांगाडा यांच्या जुळणीत असतो.

प्रतिकृतींनाच त्रास का?

महाराष्ट्रात अशा गाड्यांची परंपरा अगदीच नवी नाही. अलिबागजवळच्या कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने ब्रिटनच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर 'रोडस्टर १.८ एस' ही गाडी बांधली. तिला फायबर ग्लासची बॉडी आणि इसुझूचे १.८ लिटर इंजिन होते. १९५७ मधील मूळ लोटस सेव्हनला पत्र्याचे दारच नव्हते, त्यामुळे खटक्याचा प्रश्नही नव्हता. १९५४ ची पोर्शे ३५६ स्पीडस्टर किंवा १९६२ ची एसी कोब्रा यांच्या प्रतिकृतींत मात्र दार असते आणि अडचण तेथेच सुरू होते.

या गाड्यांना कायमचे छत नसते. छत हे बॉडीला घट्ट धरून ठेवणारे मोठे अंग आहे. ते नसल्याने एक चाक खड्ड्यात गेले की बॉडी किंचित पिळते आणि दाराची चौकट तिरकी होते. फायबरची बॉडी हाताने घडविलेली असल्यास दोन्ही बाजूंची फट सारखी येत नाही. त्यातच बिजागरी एका गाडीची, खटका दुसऱ्या गाडीचा आणि हँडल तिसऱ्या गाडीचे, असा मेळ घातलेला असतो.

अहमदपूर परिसरात याला स्थानिक कारणांची जोड मिळते. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरील रस्ते त्यामुळे लाटांसारखे उंच-सखल होतात आणि बॉडीला पीळ बसत राहतो. खटक्यातील ग्रीसवर धूळ बसली की तिचा घट्ट लगदा होतो व आतली स्प्रिंग अपुरी पडते. जुन्या उघड्या जीपला मागाहून दारे बसविली जातात, तेथेही हाच प्रकार घडतो.

खटक्याची रचना

आधुनिक खटक्याचे दोन भाग असतात. खांबावर पक्का बसविलेला लोखंडी खुंटा किंवा कडी म्हणजे स्ट्रायकर. दारात बसविलेला फिरता पंजा या स्ट्रायकरला मिठी मारतो आणि एक छोटी खिटी त्या पंजाला मागे फिरू देत नाही. हँडल ओढले की खिटी बाजूला होते व पंजा सुटतो.

या पंजाला दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात दार अर्धवट अडकते, दुसऱ्यात पूर्ण लागते. म्हणूनच दार लावताना दोन 'खट' ऐकू यावे लागतात. एकच आवाज आला, तर दार लागल्यासारखे दिसते; पण ते अर्ध्याच ताकदीवर उभे असते.

अपघातात दार उघडून प्रवासी बाहेर फेकला गेला, तर जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणूनच अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून दाराच्या खटक्यांसाठी सुरक्षा मानक लागू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ११ नुसार पूर्ण लागलेल्या खटक्याने लांबीच्या दिशेने ११,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १,१२० किलो वजनाइतका ताण सहन केला पाहिजे. अर्धवट लागलेल्या खटक्यासाठी ही मर्यादा ४,५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ४६० किलो आहे. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर वाहनांसाठी जागतिक तांत्रिक नियम करण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्यातला पहिलाच नियम दाराच्या खटक्यांविषयी होता. भारतातही यासाठी आय.एस. १४२२५ हे मानक आहे.

आधी तपासणी, मग बदल

खटका बदलण्यापूर्वी स्ट्रायकर काढून ठेवावा आणि दार हलक्या हाताने बंद करावे. दार खाली झुकत असेल तर दोष बिजागरीचा आहे. दार चौकटीत ठीक बसत असेल, तर एका बाजूचे चाक जॅकवर उचलून दाराभोवतीची फट पाहावी. फट बदलली, तर सांगाडा पिळतो आहे आणि त्याला मजबुती देणे हे पहिले काम ठरते. या दोन्ही गोष्टी ठीक असतील, तरच खटक्याला दोष द्यावा.

नवा खटका व स्ट्रायकर एकाच गाडीची जोडी असावी. डावा व उजवा खटका परस्परांची उलट प्रतिमा असतो, हे खरेदी करतानाच पाहावे. परदेशात अशा गाड्यांवर 'बेअर क्लॉ' नावाचा दोन जबड्यांचा खटका बसविण्याची पद्धत आहे. तो स्ट्रायकरला दोन्ही बाजूंनी पकडतो, त्यामुळे बॉडी थोडी पिळली तरी पकड सुटत नाही.

केवळ फायबरमध्ये स्क्रू पिळून खटका बसविणे धोक्याचे आहे. धक्क्यात फायबर फाटते आणि चांगला खटकाही स्क्रूसकट निघून येतो. आतून पोलादी पट्टी देऊन बोल्ट आरपार घ्यावेत आणि स्ट्रायकर चासिसला जोडलेल्या लोखंडी खांबावरच बसवावा. हँडलपासून येणाऱ्या तारेला किंवा सळईला किंचित ढील ठेवावी. ती ताणलेली राहिली, तर खिटी अर्धवट उचललेली राहते व दार आपोआप सुटते.

सर्वांत महत्त्वाची दक्षता म्हणजे नव्या खटक्यावर दार लगेच लावू नये. दार उघडे ठेवून स्क्रूड्रायव्हरने पंजा फिरवावा, दोन आवाज ऐकावेत आणि मग आतील व बाहेरील हँडल ओढून पाहावे. पंजा दोन्हींनी सुटला, तरच दार बंद करावे. अन्यथा दार अडकून पॅनेल कापण्याची वेळ येते.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. झिजलेल्या खटक्याच्या जागी तसाच खटका बसविणे ही दुरुस्ती झाली. जुन्या गाडीची बॉडी उतरवून तिच्यावर प्रतिकृती चढविणे हा मात्र बदल ठरतो. २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बांधलेल्या जीपचे देशभर कौतुक झाले, तेव्हाही उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी ती नियमांत बसत नसल्याचे नमूद केलेच होते.

हौसेने बांधलेल्या गाडीत घडविणाऱ्याचे कौशल्य दिसते, तसाच त्याचा निष्काळजीपणाही दिसतो. म्हणून गाडी बाहेर काढताना दोन सवयी ठेवाव्यात. दार लावल्यावर दुसरा 'खट' ऐकावा आणि खटका कितीही भक्कम असला तरी सीटबेल्ट बांधल्याशिवाय गाडी सुरू करू नये.