एकाच तेलावर घर आणि मोटार

खनिज तेलाचा धंदा उभा राहिला तो घरातल्या दिव्यावर. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात तेलाची विहीर लागली, तेव्हापासून पुढची चाळीस-पन्नास वर्षे कारखान्यांना कच्च्या तेलातून हवे होते ते रॉकेल. तेल तापवताना रॉकेलच्या आधी एक हलका, चटकन पेट घेणारा भाग निघतो. त्याचे करायचे काय, हा त्या काळात प्रश्नच होता. कपड्यांवरचे डाग काढायला वगैरे थोडा खपे, पुष्कळसा जाळून किंवा ओढ्यात सोडून दिला जाई. हा टाकाऊ भाग म्हणजेच पेट्रोल. १८८८ साली बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन जर्मनीत लांबच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा वाटेतल्या वीसलोख गावी त्यांना इंधन घ्यावे लागले ते औषधाच्या दुकानातून. तिथे ते डाग काढण्याचे द्रावण म्हणून मिळत होते. मोटारीच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांची गोष्ट ही अशी घरगुती मालाशी बांधलेली आहे.

घरात रॉकेल जळे ते चिमणीत, कंदिलात आणि पुढे स्टोव्हमध्ये. वातीच्या चुलीला काजळी फार, भांडी काळी होत. स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्ट यांनी १८९२ च्या सुमारास प्रायमस स्टोव्ह बाजारात आणला आणि हा त्रास संपवला. त्यात वात नाही. पितळी टाकीत पंप मारला की हवेच्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढते. बर्नर आधी तापलेला असेल तर तिथे त्याची वाफ होते, बारीक छिद्रातून ती जोराने बाहेर पडते आणि हवेत मिसळून निळ्या ज्योतीने जळते. म्हणून आधी स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा लावून बर्नर नीट तापवायचा. घाई केली तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर येते आणि पिवळा भडका उडतो. छिद्रात कचरा अडकला की पिन मारायची, पंपाचा चामड्याचा वायसर सुकला की तेलाचे बोट लावून मऊ करायचा. मुंबईच्या चाळींतल्या कित्येक पिढ्यांचा चहा आणि पिठले-भात याच स्टोव्हवर शिजला. १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेन यांच्या तुकडीकडेही प्रायमसच होता.

रॉकेलाइतकेच मोल त्याच्या डब्याला होते. अमेरिकेची स्टँडर्ड ऑइल कंपनी लाकडी खोक्यात दोन-दोन चौकोनी पत्र्याचे डबे घालून तेल आशियात पाठवी. १८९२ साली लंडनचे व्यापारी मार्कस सॅम्युअल यांनी ‘म्युरेक्स’ या जहाजाच्या टाक्यांतच तेल भरले आणि सुएझ कालव्यातून पूर्वेकडे रवाना केले. खोकी, डबे, जागा सगळ्यांचा खर्च वाचला. पण गिऱ्हाईक सुट्या तेलाला हात लावेना, कारण लोकांना डबा हवा होता. अखेर सॅम्युअल यांनी पत्रा पूर्वेकडे नेऊन तिथेच लाल रंगाचे डबे बनवून घेतले. स्टँडर्डचे निळे डबे दूरच्या प्रवासात पोचे पडून, गंजून येत. सॅम्युअल यांचे लाल डबे नवे कोरे दिसत. रिकाम्या डब्यांतून घराची छपरे झाली, पिंजरे झाले, गाळण्या झाल्या. आपल्याकडे तोंडावर आडवी लाकडी दांडी ठोकली की पाण्याची बादली तयार होई, आणि झाकण बसवले की धान्याचा डबा. रोजच्या संसारातला हा उपयोग ओळखणाऱ्याचा माल खपला, ही त्या व्यापारातली फार मोलाची गोष्ट आहे.

पेट्रोलही सुरुवातीला डब्यातूनच विकले जाई. इंग्लंडमध्ये दोन गॅलनचे, म्हणजे सुमारे नऊ लिटरचे डबे असत, आणि ते गाडीच्या पायरीवर बांधून नेत. टाकीत ओतताना नरसाळ्यात मऊ चामडे धरत. त्यातून पेट्रोल गळून जाई आणि पाणी व कचरा वर राहत असे.

मोटारीचे दिवे तर चक्क रसायनशाळा होते. १८९२ साली अमेरिकेत थॉमस विल्सन यांना विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली. या करड्या खड्यांवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि मागे चुन्याचा चिखल उरतो. गाडीच्या पायरीवर पितळी भांडे बसवलेले असे, वर पाणी आणि खाली कार्बाइड. चावी किंचित सोडली की थेंब-थेंब पाणी पडे, वायू रबरी नळीतून पुढच्या दिव्यांत जाई. बर्नरच्या दोन छिद्रांतून निघणाऱ्या ज्योती एकमेकींवर आदळून पसरट, पांढरी शुभ्र ज्योत होई आणि मागचा आरसा तिचा झोत रस्त्यावर टाकी. पाणी जास्त पडले तर वायू आवरत नसे, थंड देशांत ते गोठे, आणि प्रवास संपल्यावर लसणासारख्या वासाचा तो चिखल खरवडून काढावा लागे. सायकलींना आणि खाणकामगारांनाही हेच दिवे लहान आकारात मिळत. १९०४ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झालेल्या एका कंपनीने पुढे ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ नावाने वायू भरलेली नळकांडी विकायला काढली. रिकामे द्यायचे, भरलेले घ्यायचे, आजच्या गॅस सिलिंडरसारखेच.

टायरची तऱ्हा वेगळी. पंक्चर हा रोजचा भोग होता, म्हणून सोल्युशनची नळी, रबरी ठिगळे आणि शंखजिऱ्याची पूड गाडीत हवीच. वेल्समधल्या लानेली गावी स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंनी १९०४ साली आरे नसलेले, टायर चढवलेले जादा चाक बनवले. बसलेल्या चाकाला ते बाजूने आवळले की गाडी पुढे जाई. वंगणात ‘थ्री-इन-वन’ तेल १८९४ मध्ये सायकलींसाठी निघाले आणि शिवणयंत्रापासून दाराच्या बिजागरीपर्यंत पोहोचले. चार्ल्स वेकफिल्ड यांनी एरंडेल मिसळलेले ‘कॅस्ट्रॉल’ १९०९ मध्ये आणले.

मग घर आणि मोटार यांच्या वाटा फुटल्या. १९१० च्या सुमारास अमेरिकेत पेट्रोलचा खप रॉकेलच्या पुढे गेला. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे आले, तेव्हा हँडल मारणे आणि कार्बाइड दोन्ही मागे पडू लागले. १९१३ साली पिट्सबर्गला गल्फ कंपनीने खास मोटारींसाठी पंप उघडला. त्याच वर्षी जड तेल उष्णतेने व दाबाने फोडून जास्त पेट्रोल काढण्याच्या विल्यम बर्टन यांच्या पद्धतीला पेटंट मिळाले. कारखाने आता पेट्रोलसाठी चालू लागले आणि रॉकेल दुय्यम झाले. महाराष्ट्रात मात्र वीज पोहोचेपर्यंत गावोगावची घरे रॉकेलवरच उजळत राहिली. परदेशी कंदिलांच्या जोडीला कराडजवळच्या ओगलेवाडीतल्या काचकारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील आला आणि तो पुढे कित्येक दशके खेड्यापाड्यांतून विकला गेला.