बटण कंपनीच्या हातात नाही

अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या जेवणावळीत टीव्हीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास वाढली जाते. "छपरावर डिश आहे, दर महिन्याला पैसे मोजतोय, न्यूयॉर्कचं सीबीएस एचडी त्याच उपग्रहावरून खाली येतंय. मग नुसतं एक बटण दाबायला कंपनीचं काय जातं?" पाठोपाठ हेल्पलाइनवरच्या मुलीला कसं फैलावर घेतलं, त्याची साग्रसंगीत हकिकत. त्या बिचारीने ते बटण दाबलं असतं, तर तिच्या कंपनीला कोर्टाची पायरी चढावी लागली असती, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. "अहो, पैसे देतोय ना आम्ही?"

पैसे देता, पण कशाचे? गोंधळ इथूनच सुरू होतो. आपल्याकडे खासगी वाहिनी उपग्रहावरून एकदाच सुटते आणि लातूरला जी दिसते तीच वसईला दिसते. अमेरिकेतल्या सीबीएस, एनबीसी, एबीसी आणि फॉक्स या अर्थाने वाहिन्या नाहीतच. ती गावोगावच्या स्टेशनांची जाळी आहेत. मोठ्या शहरांतली काही स्टेशनं नेटवर्कच्या मालकीची, बाकी बहुतेक स्वतंत्र मालकांची. संध्याकाळची मालिका आणि रविवारचा फुटबॉल नेटवर्क पुरवतं. बातम्या, वादळाचे इशारे आणि मधल्या बऱ्याच जाहिराती स्टेशनच्या स्वतःच्या. आपल्या भागात या नेटवर्कचे कार्यक्रम आपणच दाखवणार, या करारावर स्टेशनचा धंदा उभा असतो. तुमच्या घरात न्यूयॉर्कचं सीबीएस आलं की तुमच्या गावचं स्टेशन तुम्हाला गमावतं आणि त्याबरोबर गावातल्या मोटारविक्रेत्याची जाहिरातही.

तरीही १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उपग्रह कंपन्यांसाठी एक फट उघडली. एरवी दुसऱ्याचं प्रक्षेपण उचलून पुन्हा दाखवायचं तर मालिकेपासून सामन्यापर्यंत प्रत्येक हक्कधारकाची परवानगी लागते. नव्या कायद्याने ठरावीक शुल्क भरून ती अट माफ केली, पण फक्त एका प्रकारच्या घरांसाठी: ज्यांना नेटवर्कचं स्थानिक स्टेशन छपरावरच्या साध्या अँटेनाने पुरेशा ताकदीने मिळत नाही. या घरांबाहेर दूरचं स्टेशन दाखवलं की कॉपीराइटचा भंग. म्हणजे प्रश्न उपग्रहाच्या क्षमतेचा नाही, कंपनीच्या मर्जीचाही नाही. डिशवर सिग्नल पडतो म्हणून तो उघडून देण्याचा हक्क कंपनीला मिळत नाही.

"पण माझ्याकडे चित्र खराबच यायचं!" हा पुढचा बचाव, आणि तो अगदीच खोटा नाही. चित्र कसं दिसतं हे कायदा विचारतच नव्हता. तो विचारायचा सिग्नलची तीव्रता. 'ग्रेड बी' नावाच्या या मापात दोन ते सहा क्रमांकाच्या चॅनेलसाठी ४७ डीबीयू, सात ते तेरासाठी ५६ आणि त्यावरच्या चॅनेलसाठी ६४ डीबीयू लागत. ही रेघसुद्धा सरासरीची: तिच्या काठावरच्या निम्म्या ठिकाणी नव्वद टक्के वेळ ठीक चित्र मिळेल, असा तिचा हिशेब. उरलेल्या निम्म्यांत तुम्ही असलात तर नशीब तुमचं.

प्राइमटाइम २४ नावाची कंपनी दूरच्या नेटवर्क स्टेशनांचे संच उपग्रह कंपन्यांमार्फत विकत असे. ती ग्राहकालाच विचारायची, चित्र बरं येतं का? नाही म्हटलं की जोडणी. सीबीएस आणि फॉक्सने खटला भरला आणि १९९८ मध्ये मायामीच्या संघीय न्यायालयाने निकाल दिला की ग्राहकाचं मत हा पुरावा नव्हे. आता लाखो घरांचे चॅनेल बंद होणार म्हणताच खासदारांच्या कचेऱ्यांत तक्रारींचा पाऊस पडला. मग १९९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. दूरसंचार नियामक एफसीसीने पात्रता आधी संगणकावर ठरवण्यासाठी लाँगली-राइस प्रारूपाची घरागणिक आवृत्ती स्वीकारली. तिला डोंगर कळतो, तुमच्या घरामागचं उंच मेपलचं झाड कळत नाही. आणि नव्या कायद्याने कंपन्यांना गावचं स्टेशन त्याच गावात उपग्रहावरून दाखवायची मुभा दिली. दूरच्या स्टेशनसाठी अपात्र ठरलात तर स्थानिक स्टेशनकडे सवलतपत्र मागायचं. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर संमती गृहीत. नकार आला तर घरी येऊन मोजणी, आणि मोजणीचा खर्च हरणाऱ्याच्या माथी, म्हणजे सिग्नल पुरेसा निघाला तर उपग्रह कंपनीच्या, अपुरा निघाला तर स्टेशनच्या.

एचडी आलं आणि हा सगळा डोलारा वाकडा झाला. इथे मात्र मी तक्रारदारांच्या बाजूने आहे. २००० च्या दशकात बरीच स्टेशनं डिजिटल प्रक्षेपण कमी ताकदीने, जेमतेम शहरापुरतं करत होती. ॲनालॉग मात्र पूर्ण जोमाने चालू. पात्रता मोजायची ती ॲनालॉग सिग्नलवर. म्हणजे शहरापासून दूर राहणाऱ्या माणसाला ॲनालॉग चित्र येतं, म्हणून तो कायद्याच्या लेखी तृप्त. एचडी अँटेनावर येत नाही, आणि न्यूयॉर्कचं एचडी मागावं तर तो अपात्र. हजारो डॉलरचा टीव्ही घेऊन भिंतीवर मुंग्या बघत बसलेल्या माणसाला हे कसं समजावणार? डिजिटल सिग्नलची घरी येऊन मोजणी करायची सोय २००४ च्या कायद्याने दिली, तीही सुरुवातीला पहिल्या शंभर बाजारपेठांतल्या ठरावीक स्टेशनांपुरती आणि ३० एप्रिल २००६ पासून. डिजिटलसाठीचं अंदाज-प्रारूप एफसीसीने २०१० मध्ये मंजूर केलं. तोवर, १२ जून २००९ लाच, मोठ्या स्टेशनांचं ॲनालॉग प्रक्षेपण संपलेलं होतं.

याच काळात शेजाऱ्या-शेजाऱ्यांत भांडण लावणारा प्रकार म्हणजे न्यूयॉर्कचं सीबीएस एचडी. शिकागोतल्या मित्राला ते डिशवर मिळतं आणि आयोवातल्या मला नाही, हा पक्षपात नाही का? नाही. शिकागोचं स्टेशन सीबीएसच्या स्वतःच्या मालकीचं, त्यामुळे तिथे सीबीएसने होकार दिला की काम झालं. आयोवातलं स्टेशन दुसऱ्याचं. होकारही त्याचाच लागतो, आणि तो आपला प्रेक्षक आपल्या हाताने का घालवेल?

२००४ च्या कायद्याने आणखी एक दार लावून घेतलं. कंपनी तुमच्या भागातलं स्टेशन उपग्रहावरून देत असेल, तर नव्या ग्राहकाला त्याच नेटवर्कचं दूरचं स्टेशन नाही. गावोगावचं एचडी द्यायचं तर उपग्रहावर जागा हवी, म्हणून डायरेक्टीव्ही या उपग्रह कंपनीने २००५ मध्ये दोन स्पेसवे उपग्रह सोडले. त्यांचे झोत अरुंद, एकेका भागापुरते, म्हणजे तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या भागात पुन्हा वापरता येते. न्यू जर्सीतल्या मेव्हण्याचा पत्ता देऊन न्यूयॉर्कची स्टेशनं मिळवण्याची शक्कल लढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. नोंद न्यूयॉर्कची झाली तरी न्यूयॉर्कचा झोत टेक्सासात पडत नाही. शिवाय खोटा पत्ता हा कराराचा भंग, ते वेगळंच.

तरीही "कंपनीने मनावर घेतलं तर..." म्हणणाऱ्यांसाठी २००६ सालची गोष्ट. डिश नेटवर्क चालवणाऱ्या एकोस्टारने अपात्र घरांना दूरची स्टेशनं सर्रास दिली, असं न्यायालयात सिद्ध झालं. असा भंग वारंवार झाला तर देशव्यापी कायमची बंदी घालणं कायद्याने न्यायाधीशांवर बंधनकारक होतं. कंपनीने एबीसी, एनबीसी आणि सीबीएसच्या बाजूशी दहा कोटी डॉलरची तडजोड केली. फॉक्स बाहेर राहिलं आणि तडजोड कोर्टात टिकली नाही. १ डिसेंबर २००६ पासून बंदी लागू झाली. जी घरं खरोखर पात्र होती, त्यांचेही दूरचे चॅनेल डिश नेटवर्कवरून गेले. देशातल्या सर्व २१० बाजारपेठांत स्थानिक स्टेशनं देण्याच्या अटीवर परतीची वाट मिळाली ती २०१० च्या कायद्यात. हेल्पलाइनवरची मुलगी 'नाही' म्हणते, त्यामागे हे आहे.

खरा राग काढायचा तर त्या २१० बाजारपेठांच्या नकाशावर काढावा. तो ना काँग्रेसने आखला, ना एफसीसीने. जाहिरातदारांसाठी प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीचा तो नकाशा, आणि कायद्याने तो आयता उचलला. कोलोरॅडोतलं ड्युरँगो ज्या ला प्लाटा काउंटीत आहे, ती काउंटी नील्सनच्या लेखी न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीची. म्हणजे मतदान कोलोरॅडोत करायचं आणि निवडणुकीच्या जाहिराती शेजारच्या राज्याच्या बघायच्या. मुंबईच्या वाहिनीचे हक्क तिचा मालक देशभरासाठी एकगठ्ठा विकतो, म्हणून ड्युरँगोतल्या घरात ती उपग्रहावरून बिनदिक्कत लागायची. स्वतःच्या राजधानीचं डेन्व्हरचं स्टेशन मात्र लागत नव्हतं. २०१४ च्या कायद्याने अशा काउंटींना उपग्रहासाठी बाजारपेठेत बदल मागता येऊ लागला आणि ला प्लाटाचा अर्ज एफसीसीने २०१७ मध्ये मान्य केला. स्थानिक स्टेशन जगावं हे मला मान्य आहे. चक्रीवादळाचा इशारा न्यूयॉर्कचा निवेदक देणार नाही. पण माणसाचं गाव कुठलं, हे प्रेक्षक मोजणाऱ्याने का ठरवावं?

आता किरकोळ समज. एचडीसाठी खास 'एचडी अँटेना' लागतो: लागत नाही, जुना व्हीएचएफ-यूएचएफ अँटेना चालतो. सोसायटी छपरावर अँटेना लावू देत नाही: घर आणि छप्पर तुमच्याच ताब्यात असेल तर एफसीसीचा १९९६ चा नियम तुमच्या बाजूने आहे. उपग्रहाचं एचडी अँटेनापेक्षा सरस: बहुधा उलटंच, कारण उपग्रहावर जागा वाचवायला चित्र जास्त दाबलेलं असतं. स्ट्रीमिंगवर ही कटकट नाही: आहे, तिथेही करारानुसार तुमचं ठिकाण बघूनच स्थानिक स्टेशन मिळतं.

आणि इंटरनेटवर अजूनही फिरणारे सवलतपत्राचे जुने सल्ले विसरा. डिसेंबर २०१९ च्या कायद्याने १९८८ ची ती फट जवळजवळ बुजवली. दूरची नेटवर्क स्टेशनं आता मुख्यतः मोटारघरांना, मालवाहू ट्रकना आणि ज्या भागात एखाद्या नेटवर्कचं स्टेशनच नाही तिथल्या घरांना मिळतात, तीही कंपनी सर्व २१० बाजारपेठांत स्थानिक स्टेशनं देत असेल तरच. मोटारघर घ्यायचा विचार नसेल, तर छपरावर अँटेना लावा. त्याला महिन्याचं बिल येत नाही.