करिंथकरांचं शरीर

बायबलच्या नव्या करारात करिंथकरांना लिहिलेली प्रेषित पौलाची दोन पत्रं आहेत. पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातलं १८ वं वचन गेली कित्येक वर्षं माझा पाठलाग करतं आहे. आशय असा: बाकीची पापं माणूस शरीराबाहेर करतो, जारकर्म करणारा मात्र आपल्याच शरीराचा अपराधी होतो. या वचनाचा आधार घेऊन पुढे जारकर्माविरुद्ध प्रवचनं झालीच. दारू, तंबाखू, खादाडपणा आणि आत्महत्या यांनाही हेच कलम लावलं गेलं. ऐकणाऱ्याची समजूत अशी होते की ख्रिस्ती धर्माला शरीराचं वावडं आहे. मला ते पटत नाही. शरीराला काही मान असेल, तरच त्याचा अपराध घडू शकतो. पौलाला हा मान किती मोठा वाटत होता, हे कळायला करिंथ गाव नीट बघावं लागतं.

ग्रीसची मुख्य भूमी आणि दक्षिणेचं पेलोपोनीज यांना जोडणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी आहे. करिंथ तिच्या तोंडाशी बसलेलं. पश्चिमेला लेखायॉन बंदर, पूर्वेला किंख्रिया. दक्षिणेच्या वादळी टोकाला वळसा घालण्यापेक्षा व्यापारी या पट्टीवरून माल पलीकडे नेत. आज तिथे सहा किलोमीटरहून थोडा लांब कालवा आहे. तो १८९३ मध्ये सुरू झाला, पण सम्राट नीरोनेही तो खणायचा प्रयत्न केला होता. दोन बंदरं म्हणजे दोन दिशांचे खलाशी, दलाल, हमाल, सावकार, खानावळी आणि कुंटणखाने. आपल्या मुंबईत राहिलेल्या माणसाला या गावाची वेगळी ओळख करून द्यायची गरज नाही.

इथे एका लाडक्या दंतकथेचा हिशेब केलाच पाहिजे. करिंथच्या डोंगरावरच्या आफ्रोदितीच्या देवळात हजार देवदासी होत्या, असं स्ट्रॅबो या भूगोलकाराने लिहून ठेवलं आणि पौलावरचं प्रत्येक प्रवचन आजही तिथूनच सुरू होतं. पण स्ट्रॅबो बोलतो ते जुन्या करिंथबद्दल. ते शहर रोमन सेनापती मम्मियसने इ.स.पू. १४६ मध्ये जमीनदोस्त केलं. इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ते पुन्हा वसवलं आणि तिथे पाठवलेल्या लोकांत मुक्त झालेले गुलाम मोठ्या संख्येने होते. पौल आला तेव्हा हे नवं शहर जेमतेम शंभर वर्षांचं होतं. जुन्या शहराबद्दलचा तो आकडाही आज बहुतेक अभ्यासक खरा मानत नाहीत. ही हजार देवदासींची गोष्ट प्रवचनांतून काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्यामुळे करिंथ जगावेगळं पापी ठरतं आणि ऐकणारा आपल्या गावापुरता निश्चिंत होतो.

पौल इ.स. ५० च्या सुमारास तिथे पोचला. अक्विला आणि प्रिस्किल्ला या ज्यू जोडप्याकडे राहिला. क्लॉडियस सम्राटाने ज्यूंना रोमबाहेर काढलं तेव्हा ते दोघं इथे आलेले. तिघंही तंबू बनवणारे. पौल दीड वर्ष राहिला आणि शेवटी त्याला गॅलियो या रोमन अधिकाऱ्यापुढे उभं करण्यात आलं. गॅलियो हा तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. त्याचं नाव डेल्फीच्या एका शिलालेखात सापडलं आणि पौलाच्या आयुष्यातली एक तारीख तरी, इ.स. ५१-५२ च्या आसपासची, पक्की झाली. न्यायनिवाड्याचा तो चौथरा आजही बाजारचौकात दिसतो. उन्हात तिथे उभं राहिलं की एका बाजूला अपोलोच्या देवळाचे सात अखंड दगडी खांब आणि दुसऱ्या बाजूला आक्रोकरिंथचा डोंगर.

पौल पुढे इफिसला गेला आणि मागे करिंथच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत भलतंच तत्त्वज्ञान सुरू झालं. आपल्याला सगळ्याची मुभा आहे, अन्न पोटासाठी आणि पोट अन्नासाठी, देव शेवटी दोन्ही नष्ट करणार, असं काहीजण म्हणू लागले. म्हणजे शरीर ही तात्पुरती बाब. त्याने काय केलं याला महत्त्व नाही, आत्मा शुद्ध आहे ना, मग झालं. त्या जोरावर काही पुरुष वेश्यांकडे जात होते. पौलाने इफिसहून इ.स. ५४ च्या सुमारास उत्तर लिहिलं. पोट जाईल हे त्याला मान्य आहे, पण शरीर देवासाठी आहे आणि देव त्याला पुन्हा उठवणार आहे. ते ख्रिस्ताचा अवयव आहे, पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. याच पत्राचा १५ वा अध्याय पुनरुत्थानावर आहे आणि सहावा त्याच्या आधारावर उभा आहे. शरीर उठणार नसेल, तर पौलाचा सगळा युक्तिवाद ढासळतो.

मग बाकीची पापं शरीराबाहेर कशी? दारुडा काय शरीराबाहेर पितो? हा प्रश्न पहिल्यापासून भल्याभल्यांना छळतो. आद्य चर्चमधल्या जॉन क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाने आपल्या प्रवचनात रोजच्या व्यवहारातलं उत्तर दिलं: लोभाने कुणाला लुबाडून आलेला माणूस सरळ घरी जातो, वेश्येकडून आलेला मात्र आधी स्नानगृह गाठतो, सगळं अंग विटाळल्याचं त्याला स्वतःलाच जाणवतं. धर्मपंडित ऑगस्टिनने प्रश्न अवघड असल्याचं कबूल करून म्हटलं की त्या क्षणी माणूस इतका शरीरात बुडतो की दुसरा विचार करायला मन उरतच नाही. मला पटतं ते तिसरं उत्तर. जेरोम मर्फी-ओकॉनर हे जेरुसलेमला राहून काम करणारे डोमिनिकन धर्मगुरू. त्यांनी १९७८ मध्ये मांडलं की 'पापं शरीराबाहेर घडतात' हे वाक्य पौलाचं नसून करिंथकरांचं घोषवाक्य आहे; पौल ते आधी उद्धृत करतो आणि मग खोडतो. या पत्राची आपल्याकडची सर्वांत जुनी प्रत साधारण इ.स. २०० ची, पपायरसवरची. अशा प्रतींत अवतरणचिन्हं नसतात. कुणाचं वाक्य कुठे संपतं, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. तसं वाचलं तर कोडं सुटतं: पाप शरीराला शिवत नाही हा त्यांचा दावा, आणि शिवतं, तेही तुमच्या स्वतःच्या, हे पौलाचं उत्तर. सगळ्याच अभ्यासकांना हे मान्य नाही. मला मात्र यापेक्षा सरळ वाचन सापडलेलं नाही.

आता माझ्या सर्वांत आवडत्या जागेकडे येतो. प्राचीन करिंथच्या वस्तुसंग्रहालयात आस्क्लेपियस या वैद्यदेवाच्या स्थानातून निघालेल्या वस्तू आहेत. भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, डोळे, स्तन, पुरुषांची जननेंद्रियं. कित्येक अगदी खऱ्या मापाचे. अमेरिकन उत्खननकारांना ते १९३० च्या आसपास ढिगांनी सापडले. काहींना टांगण्यासाठी भोकं आहेत. एका तळव्यासमोर मी बराच वेळ उभा होतो. बोटांची नखंसुद्धा कुंभाराने मन लावून काढलेली. कुणाचा तरी हात दुखत होता, बरा झाला, आणि त्याने हा देवाला वाहिला. एक शरीर अनेक अवयवांचं, डोळा हाताला तुझी गरज नाही म्हणू शकत नाही, हा पौलाचा दृष्टांत याच पत्राच्या १२ व्या अध्यायात आहे. साहजिकच तो या अवयवांवरून सुचला, असं बरेच वाटाडे सांगतात. काळ जुळत नाही. हे अवयव बहुतेक इ.स.पू. पाचव्या-चौथ्या शतकातले आहेत आणि पौलाच्या वेळी मातीखाली गाडलेले होते. पण ज्या प्रथेतून ते आले, ती भूमध्य समुद्राभोवती सगळीकडे होती. पौलाने ती पाहिली नसेल असं मानणं अवघड आहे.

ती प्रथा आपल्याला परकी नाही. बांद्र्याच्या मोत मावलीला सप्टेंबरच्या जत्रेत जा. चढावरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं मांडलेली असतात. कोळी बायका, मराठी-गुजराती हिंदू, गोवेकर, ईस्ट इंडियन, सगळे घेतात आणि दुखणारा अवयव मावलीपुढे ठेवतात. एक आजीबाई मेणाचा गुडघ्यापासूनचा पाय पदराखाली झाकून नेताना मी पाहिल्या आहेत. ऊन लागून वितळू नये म्हणून. देवापुढे शरीर आणायला ज्याला संकोच वाटत नाही, त्या भक्तीला शरीराचं वावडं आहे असं कसं म्हणायचं?

पौलाला मात्र सोडायचं नाही. सहाव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, तुम्ही स्वतःचे नाही, किंमत देऊन विकत घेतलेले आहात. मुक्त गुलामांनी वसवलेल्या गावात हे बोलणं थेट काळजाला भिडणारं होतं. डेल्फीच्या भिंतींवर गुलाममुक्तीचे शेकडो लेख कोरलेले आहेत. त्यांत गुलाम अपोलो देवाला विकला जातो आणि त्या विक्रीने मोकळा होतो. पण करिंथच्या कुंटणखान्यातल्या बायकांत गुलाम पुष्कळ असणार. त्यांचं शरीर त्यांच्या मालकाचं. नकार द्यायची सोय नाही. त्या बाप्तिस्मा घ्यायला आल्या तर? पौलाचं पत्र गिऱ्हाइकाशी बोलतं, त्या बाईशी एक अक्षर बोलत नाही. जेनिफर ग्लॅन्सी या अभ्यासिकेने गुलामगिरी आणि आद्य ख्रिस्ती मंडळी यांवरच्या पुस्तकात गुलामांच्या शरीराचा हा प्रश्न लावून धरला. तो वाचल्यापासून मला हा अध्याय पूर्वीसारखा वाचता येत नाही.

त्या बाईपर्यंत पोचायला साडेतीनशे वर्षं लागली. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. ख्रिस्ती स्त्रियांवर बलात्कार झाले. काहींनी त्याआधीच जीव दिला, ज्या जगल्या त्यांना टोमणे ऐकावे लागले. ऑगस्टिनने 'देवाचं नगर' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात त्यांची बाजू घेतली. पाप मनाच्या संमतीत असतं. दुसऱ्याच्या जबरदस्तीने शरीराचं काहीही झालं तरी स्त्रीचं पावित्र्य जात नाही. रोमन लोक ल्युक्रेशियाची थोरवी गात, कारण अत्याचारानंतर तिने स्वतःला भोसकून घेतलं. ऑगस्टिन विचारतो, ती निर्दोष होती तर तिला मरणाची शिक्षा का? त्याचा सूर कठोर आहे, पण जगलेल्या बायकांना त्याने जगायचा हक्क दिला.

पंडिता रमाबाईंची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला वाँटेजच्या सिस्टरांकडे असताना त्यांनी फुलहॅमला 'पतित' म्हणवल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चाललेलं काम पाहिलं. असं का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात हा प्रसंग लिहिला आहे. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उभारलं. सहाव्या अध्यायाचं मराठी मुलखातलं सर्वांत चांगलं भाष्य मी केडगावलाच पाहिलं, असं मी म्हणेन.

शरीराबद्दलचा बाकीचा इतिहास थोडक्यात. शरीराला तुरुंग मानणाऱ्या ज्ञानवादी पंथांना चर्चने झिडकारलं. धर्मपंडित ओरिजेनने तरुणपणी स्वतःला खच्ची केल्याचं चर्चचा इतिहासकार युसेबियस लिहितो. ३२५ च्या निकिया परिषदेचा पहिलाच नियम असं करणाऱ्याला धर्मगुरुपद नाकारतो. तरीही सीरियात शिमोन साधू छत्तीसेक वर्षं खांबावर राहिला आणि लोकांनी त्याला संत मानलं. खादाडपणा सात मुख्य पापांत गेला. १८६३ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट पंथाने आरोग्याला धर्मकर्तव्य केलं. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्यांचंच. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ अन्न, दारू, तंबाखू आणि औषधं यांचा अतिरेक टाळायला सांगतो आणि शरीराचं स्तोम माजवण्यालाही विरोध करतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ पासून व्हॅटिकनमध्ये सिगारेटची विक्री थांबवली.

उरतं ते सर्वांत दुखरं प्रकरण, आत्महत्येचं. ज्या पानांत ऑगस्टिनने अत्याचारग्रस्तांना सोडवलं, त्याच पानांत त्याने आत्महत्येला खून ठरवलं. त्याला बायकांचा जीव वाचवायचा होता. चर्चने त्यातून शिक्षा घडवली. ५६१ मध्ये ब्रागाच्या परिषदेने आत्महत्या करणाऱ्यांचे अंत्यविधी नाकारले. इंग्लंडात अशांना चव्हाट्यावर पुरत. ती रीत १८२३ मध्ये कायद्याने बंद झाली. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेतही जाणूनबुजून जीव देणाऱ्याला धर्मविधीने दफन नाकारलेलं होतं. ज्या शरीराला पवित्र आत्म्याचं मंदिर म्हटलं, त्यालाच दफनभूमीच्या भिंतीबाहेर ठेवायचं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी चूक वाटते.

१९८३ च्या संहितेने आत्महत्येचा तो उल्लेख काढून टाकला. १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ आत्महत्या चूकच मानतो, पण गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा मृतांच्या तारणाची आशा सोडू नये, असं सांगतो; चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, असंही म्हणतो. आपल्याकडे, वसईत काय, अहिल्यानगरात (पूर्वीच्या अहमदनगरात) काय, अजूनही कित्येक घरांत जुनाच नियम चालू आहे अशी समजूत आहे. तुमच्या ओळखीच्या कॅथलिक घरावर असं दुःख कोसळलं, तर तो नियम १९८३ मध्येच गेला, हे त्यांना जवळ बसून सांगा.