गोंगाट-निवारक हेडफोन : घ्यावे कीं न घ्यावे?

मुंबईच्या उपनगरांत शांतता ही आतां विकत घ्यावयाची वस्तु झाली आहे. घाटकोपरच्या घरांवरून विमानें उतरतात, अंधेरीस लोकलच्या डोक्यावरून मेट्रो धांवते, आणि बोरिवली-मुलुंडकडे जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचें काम चालूच असतें. अशा ठिकाणीं बारावीच्या मुलानें अभ्यास कोठें करावा, हा घरोघरचा प्रश्न आहे. ज्यांस दुकानदार ‘नॉइज कॅन्सलिंग’ म्हणतात ते हेडफोन यावर उपाय म्हणून सुचविले जातात. त्यांची किंमत साधारणतः दोन-तीन हजार रुपयांपासून पंचवीस-तीस हजारांपर्यंत असते. तेव्हां खिशांत हात घालण्यापूर्वीं ते काय करतात व काय करीत नाहींत, हें पाहणें इष्ट होय.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. चढाच्या जागीं त्याच क्षणीं तितकाच उतार मिळविला, तर जमाखर्चाप्रमाणें बाकी शून्य उरते. या तत्त्वाबद्दल पॉल ल्यूग या जर्मन शास्त्रज्ञास १९३६ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. परंतु तें व्यवहारांत आणण्यास त्या काळचीं उपकरणें पुरीं पडणारीं नव्हतीं. पुढें १९७८ सालीं, बंगालमधील एका क्रांतिकारकाचे पुत्र व अमेरिकेंतील प्राध्यापक अमर बोस यांनीं युरोपांतून परततांना विमानांतच याचें गणित मांडावयास घेतलें. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीं केलेला हेडफोन १९८९ सालीं विक्रीस आला.

या हेडफोनांत बारीक मायक्रोफोन बाहेरील आवाज टिपतात, आंतील यंत्रणा त्याची उलटी लाट घडविते व ती कानांत सोडते. सेकंदास १०० कंपनें असलेल्या ध्वनीची लाट सुमारें साडेतीन मीटर लांब असते. तिला गांठणें सोपें. ३००० कंपनांची लाट मात्र अवघी ११ सेंटिमीटर. क्षणाचाहि उशीर झाला कीं हिशेब चुकतो. म्हणून विमानाची घरघर, पंख्याचा घूं-घूं आवाज, लोकलचा खालचा धडधडाट हे चांगले दबतात. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, तान्ह्या मुलाचें रडणें व माणसांचें बोलणें हे पुरते दबत नाहींत. त्यांस जो अडथळा होतो तो बराचसा कानावरील गादीचा.

येथेंच आमच्या वाचकांनीं सावध व्हावें. अभ्यास करणाऱ्या मुलास पंख्याची घरघर सतावीत नाहीं. त्याचें लक्ष मोडतें तें शेजारच्या खोलींतील गप्पांनीं व दूरदर्शनसंचानें. त्यावर हें महाग यंत्र अर्धाच उपाय आहे. संध्याकाळचे दोन तास संच बंद ठेवणें, हा बिनखर्चाचा उपाय आधीं करावा. शिवाय कानांत घालावयाचे मऊ बोळे थोड्या पैशांत मिळतात.

मात्र जो रोज दीड-दोन तास लोकलनें जातो, किंवा ज्यास घरूनच कचेरीचें काम करावें लागतें, त्यानें हे अवश्य घ्यावे. गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठीं लोक गाणें मोठें करतात, आणि कानास अपाय होतो तो त्यानें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. मागील घरघर दबली कीं हळू आवाजहि पुरतो. या हेडफोनांचा खरा लाभ हाच.

तथापि रस्त्यावर व रेल्वेच्या फलाटावर ते कानांवरून काढावेच. तेथें ऐकूं न येणें जिवावर बेतेल. घरांतहि वृद्धांची हांक ऐकूं जाईल इतकी सोय असावी.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. हेडफोन घालणारा सुटतो, पण त्याच घरांतील आजारी आजोबा व पाळण्यांतील बाळ सुटत नाहीं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसा ५५ व रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती मोडणाऱ्याविरुद्ध तक्रार करणें हें घरांतील कर्त्या माणसाचें काम होय. हेडफोन एकाचा कान राखतो. नियम पाळला गेला तर सबंध चाळीस झोंप मिळते.