पक चौकटीत हवा

आमच्या तळघरातला वास अजून गेलेला नाही. लेक २०२३च्या सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला गेली. तिची हॉकीची बॅग आम्ही धुतली, उन्हात पालथी घातली, आत खाण्याचा सोडा भुरभुरवला. तरी जिना उतरलं की शिळ्या घामाचा आंबूस भपकारा येतोच. गोलकीपरच्या बॅगेला तो इतरांपेक्षा जास्त, कारण सामानच दुप्पट. बॅगेच्या वरच्या फळीवर एक हार्ड डिस्क आहे. गेल्या हिवाळ्यात, बाहेर गुडघाभर बर्फ आणि घरात आम्ही दोघंच, तेव्हा ती लावून बसलो. तिने काढलेले सहा हंगामांचे फोटो. बघता बघता लक्षात आलं, ज्या रिंकवर मी अकरा वर्षं कॉफीचा कप धरून बसलो, तिथलं निम्म्याहून अधिक मी पाहिलेलंच नव्हतं.

माझं बालपण खडकीचं. तिथे हॉकी म्हणजे धनराज पिल्ले, अम्युनिशन फॅक्टरीची वसाहत आणि मोडक्या स्टिकला सुतळी गुंडाळून टणक मैदानावर खेळणारी पोरं. त्यामुळे २०१२ साली सात वर्षांची मुलगी ब्रॅम्प्टनच्या शाळेतून येऊन म्हणाली, "बाबा, मला हॉकी खेळायचीय," तेव्हा मी हरखलोच. मग उमगलं की कॅनडात नुसतं हॉकी म्हटलं की ती बर्फावरचीच. आपल्या हॉकीला 'फील्ड' हे आडनाव लावावं लागतं.

दुसऱ्याच वर्षी तिने गोलकीपर व्हायचं ठरवलं. इथे त्याला गोली म्हणतात. फोनवर पुण्याला आईला ते 'गोळी' ऐकू जायचं आणि नात आजारी आहे की काय म्हणून ती घाबरायची. खुलासा केल्यावर म्हणाली, "म्हणजे एका जागी उभंच राहायचं ना? बरं झालं, धडपडायला नको." मी तिला पक म्हणजे काय ते सांगितलं नाही. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, कडक रबराची वडी. वजन साधारण १७० ग्रॅम. सामन्याआधी ती गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही. अगदी लहानांना हलका निळा पक देतात, पण तो लवकरच सुटतो.

नियम मला शिकवले ते पंजाबीने. टीव्हीवरच्या 'हॉकी नाइट इन कॅनडा'चं पंजाबी समालोचन २००८मध्ये सुरू झालं. शनिवारी रात्री ते लावून मी ऑफसाइड आणि आयसिंग समजून घेतलं. २०१६च्या स्टॅनले कप अंतिम फेरीत निक बोनिनोने गोल केला आणि हरनारायण सिंग यांनी त्याचं नाव एका दमात इतक्यांदा घेतलं की दुसऱ्या दिवशी ऑफिसातले गोरे सहकारी मला त्याचा अर्थ विचारू लागले. मी मराठी आहे, हे सांगायचा तो प्रसंग नव्हता.

या सगळ्या वर्षांत मी रिंकवर काय करत होतो? पालक करतात तेच: फक्त आपल्या पोराकडे बघणं. पक दुसऱ्या टोकाला असला तरी माझी नजर तिच्या गोलजाळ्यावर. गोलकीपरच्या आईबापांची तर वेगळीच जमात असते. ते इतर पालकांत बसत नाहीत, कारण गोल झाला की आजूबाजूचे उसासे ऐकवत नाहीत. मी तिच्या जाळ्यामागे काचेला लागून उभा राहायचो. पिरियड संपला, टोकं बदलली, की मीही कॉफी घेऊन दुसऱ्या टोकाला.

कॅमेरा आला २०१७मध्ये, आणि तो वेळापत्रकामुळे आला. इथल्या रिंकवर एका तासाला एक असे सामने लागलेले असतात. गोलकीपरला सामान चढवायला वेळ लागतो म्हणून आम्ही फार लवकर पोहोचायचो आणि आधीच्या तासाचा सामना बघत बसायचो. बारा वर्षांची पोर कंटाळून माझा जुना कॅनन घेऊन कोपऱ्यात जायला लागली. लेन्स कॅमेऱ्याबरोबर मिळालेलीच, सणावारी घरातल्यांचे फोटो काढायची. पहिल्या दिवशीच्या दोनशे फोटोंत एकही धड नव्हता. निळे आणि लाल ओघळ नुसते. मी म्हटलं, छान आहेत गं. ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस."

बर्फावरच्या हॉकीचे फोटो का बिघडतात, हे तिने पुढची दोन वर्षं एकेक करून शोधून काढलं. आमचं जेवणाचं टेबल त्या काळात प्रयोगशाळा झालं होतं. पहिलं, उजेड. गल्लीतल्या रिंकवर टीव्हीवर दिसतो तसा लखलखाट नसतो. खेळाडू थिजलेला हवा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकंच उघडायचं, मग अंधार. त्यावर उपाय दोनच, लेन्सचं तोंड मोठं हवं किंवा आयएसओ ३२००, ६४०० असा वाढवून दाणेदार चित्र पत्करायचं. दुसरं, बर्फ. एवढं पांढरं दिसलं की कॅमेरा गोंधळतो, त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं काळवंडून टाकतो. बर्फ सिमेंटसारखा राखाडी येतो. कॅमेऱ्याचं न ऐकता एक पायरी जास्त उजेड द्यावा लागतो. तिसरं तर भलतंच होतं. एकाच दमात घेतलेल्या पाच फोटोंपैकी दोन पिवळट, एक मातकट, दोन ठीक. तिला वाटलं कॅमेरा गेला. इथली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे रिंकवरचे जुने दिवे सेकंदाला १२० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते कळत नाही, हजाराव्या भागात उघडमीट करणाऱ्या शटरला कळतं. नवे कॅमेरे त्या लयीशी जुळवून घेतात. आमचा जुना होता. ती धडाधड काढायची आणि घरी येऊन निवडायची, तांदूळ निवडावेत तशी.

आणि चेहरे. मोठ्या व्यावसायिक खेळाडूंच्या डोळ्यांपुढे अर्धी पारदर्शक पट्टी असते. मुलांना मात्र चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा सक्तीचा, बहुधा जाळीचा. कॅमेरा नेमका जाळीच्या गजांवर फोकस करून बसतो, मागचे डोळे धूसर. त्यामुळे लहान मुलांच्या सामन्याचे फोटो काढणं मोठ्यांच्यापेक्षा अवघड, हे मी तिच्याकडून ऐकलं आणि मला पटलं. यावरची तिची युक्ती मला अजून आवडते. मध्यंतरात झाम्बोनी फिरते. फ्रँक झाम्बोनी नावाच्या माणसाने १९४९मध्ये कॅलिफोर्नियात बनवलेलं हे यंत्र. वरचा थर खरवडतं, धुतं आणि गरम पाण्याचा पातळ हात फिरवून जातं. ते पाणी गोठलं की बर्फ आरशासारखा होतो. पुढची दोन-तीन मिनिटं, स्केटांनी त्याचा चुरा करेपर्यंत, उजेड खालून उसळतो आणि थेट मुखवट्याच्या आत शिरतो. तेवढ्या दोन-तीन मिनिटांसाठी ती श्वास धरून बसायची. डिस्कवरचे डोळे दिसणारे बहुतेक फोटो पिरियडच्या सुरुवातीचे आहेत.

पुढे तिने लहान मुलं सांभाळून पैसे साठवले आणि जुन्या बाजारातून मोठ्या तोंडाची ७०-२०० लेन्स घेतली. अर्धे मी घातले. दीड किलोचं ते धूड काचेला टेकवायचं. काच ओरखड्यांनी आणि पकच्या काळ्या डागांनी भरलेली, त्यात एखादी स्वच्छ जागा हेरायची, अंगात काळं जाकीट घालायचं, म्हणजे स्वतःचंच प्रतिबिंब येत नाही. एकदा समोरून दोन मुलं धाडकन कठड्यावर आदळली, काच हलली आणि कॅमेरा तिच्या भुवईवर. तीन टाके. कॅमेरा शाबूत आहे का, हे तिने आधी पाहिलं.

तोवर तिने नियमही केला होता: चौकटीत पक हवा किंवा चेहरा हवा, दोन्ही नसतील तर फोटो पुसून टाकायचा, दोन्ही असतील तर काहीही झालं तरी ठेवायचा. मी विचारलं, पक एवढ्या वेगात असतो, तो पकडतेस कसा? ती म्हणाली, "पक बघायचाच नाही. खांदा बघायचा." गोलकीपर हेच करते. पक सुटल्यावर हलली तर गोल झालेलाच असतो. मारणाऱ्याचा खांदा खाली जातो, स्टिकचं पातं उघडतं, तेव्हाच गुडघे टेकायचे. बटणही तेव्हाच दाबायचं. तिच्या चांगल्या फोटोंमागे कॅमेऱ्यापेक्षा हे सरावलेलं हेरणं जास्त होतं, असं मला वाटतं.

तिच्या खोलीच्या भिंतीवर दोन जुन्या फोटोंच्या प्रती होत्या. एक १० मे १९७०चा. बोस्टनचा बॉबी ऑर जादा वेळेत गोल करून हवेत आडवा झाला आहे, हात पसरलेले, जणू उडतोय. तो रे लूसियर या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने टिपला. म्हणतात की त्या मोक्याच्या स्टुलावर दुसराच कुणी बसायचा; तो बिअर आणायला उठला आणि लूसियर तिथे टेकला. दुसरा २८ सप्टेंबर १९७२चा, मॉस्कोतला. सोव्हिएत संघाविरुद्धच्या आठव्या सामन्यात ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला, आणि त्याला मिठी मारणारा इव्हान कुर्नोये 'टोरंटो स्टार'च्या फ्रँक लेननच्या कॅमेऱ्यात आला. इथल्या माणसांना हे दोन्ही फोटो आपल्याकडच्या १९८३च्या लॉर्ड्सच्या सज्जासारखे पाठ आहेत. सगळे ऑर बघतात, हेंडरसन बघतात. लेकीने मला पहिल्या फोटोत ग्लेन हॉल दाखवला, हरलेला गोलकीपर. "बाबा, हा पण आहे ना यात."

डिस्कमध्ये असे 'हा पण'वाले ढिगाने आहेत. पंधरा वर्षांचा रेफरी, ज्याच्यावर एक बाप काचेतून ओरडतोय. बाकावर शेवटी बसलेली, पूर्ण पिरियड न उतरलेली मुलगी. स्टिकची टेप पुन्हा पुन्हा गुंडाळतेय. निवड चाचणीनंतर भिंतीवरच्या यादीत नाव शोधणाऱ्यांच्या पाठी. हा शेवटचा फोटो तिच्या नियमात बसत नाही, पक नाही आणि चेहराही नाही, तरी ठेवलाय. ड्रेसिंग रूममध्ये मात्र एकही काढलेला नाही. तिथे कॅमेऱ्याला बंदी. लहान मुलींच्या संघाचे फोटो काढायला लागली तेव्हा प्रत्येक घरून लेखी परवानगी आणली होती. एका आईने दिली नाही. मग त्या मुलीचा जर्सी नंबर मनगटावर लिहून ती सामनाभर तिला चुकवत राहायची.

मार्च २०२० नंतर डिस्कवर मोठी पोकळी आहे. रिंकना कुलपं लागली, पुढचा हंगाम जवळजवळ झालाच नाही. त्याच हंगामापासून वयोगटांची पीवी, बँटम ही जुनी नावं जाऊन अंडर-१३, अंडर-१५ आली; ती बँटम म्हणून घरी बसली ती अंडर-१८ म्हणून बाहेर पडली. मधल्या काळातले फोटो गॅरेजच्या दाराचे, त्यावर तिने मारलेल्या चेंडूंच्या खुणांचे.

१ ऑगस्ट २०२१च्या रात्री अकरा वाजता मी तिला टीव्हीपुढे बसवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या मुली ऑस्ट्रेलियाशी उपांत्यपूर्व सामना खेळत होत्या. गुरजित कौरचा एक गोल, आणि उरलेला वेळ गोलकीपर सविता पुनिया. लेकीने फील्ड हॉकीला कधी भाव दिला नव्हता. सविताने पहिला पेनल्टी कॉर्नर अडवला तशी ती सोफ्यावरून जमिनीवर आली आणि गुडघ्यांवर बसली, स्वतःच्या गोलजाळ्यात बसते तशी. तीन दिवसांनी जर्मनीला ५-४ हरवून पुरुषांनी ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक आणलं आणि गोलकीपर श्रीजेश गोलच्या आडव्या खांबावर चढून बसला. तो फोटो तिने ऑरच्या शेजारी लावला. म्हणाली, जिंकलेला गोलकीपर कुणीतरी एकदा काढला! त्या दिवशी मी आईला फोन लावून दिला आणि दोघी श्रीजेशवर अर्धा तास बोलल्या. एक मराठीत, एक मराठीसारख्या कशात तरी.

२०२२ वाईट गेलं. लैंगिक अत्याचाराच्या आरोपांची प्रकरणं मिटवण्यासाठी हॉकी कॅनडा या संघटनेने राखलेल्या पैशांची बातमी फुटली, प्रायोजक मागे हटले, ऑक्टोबरात मुख्याधिकारी आणि संचालक मंडळ पायउतार झालं. आमच्या गाडीत त्या हिवाळ्यात रेडिओ बंद असायचा. ती सामने खेळत राहिली, फोटो मात्र फक्त नऊ वर्षांखालच्या मुलींचे काढले. कारण मी विचारलं नाही. त्यात एक पडलेली पोर पोटावर झोपून बर्फ चाटतेय. मागे सामना चालू आहे, तिला पत्ता नाही.

शेवटचा सामना मार्च २०२३चा. तोवरच्या फोटोंत जाळ्यात उभी असलेली ती कुठेच नव्हती, कारण काढणारी तीच. म्हणून त्या दिवशी कॅमेरा मी घेतला. तिने सगळं लावून दिलं, बजावलं, आणि सामान चढवायला गेली. मी सवयीने तिच्या जाळ्यामागे उभा राहिलो. तिन्ही पिरियड, टोकं बदलत.

रात्री तिने माझे १४३ फोटो पाहिले. बर्फ राखाडी. फोकस जाळ्याच्या दोऱ्यांवर. आणि जवळजवळ सगळीकडे तिची पाठ. तिचं आडनाव, तिचा नंबर. तिने एकेक पुसायला सुरुवात केली. मी काही बोललो नाही. एका फोटोवर थांबली. त्यात ती वळून माझ्या बाजूला बघतेय, मुखवट्याआड डोळे चक्क दिसताहेत, आणि खाली, जाळ्याच्या आत, पक.

"हा ठेवू," ती म्हणाली. "पक चौकटीत आहे."

"अगं, पण तो गोल झाला होता ना?"

"हो. दुसरा."