गोड झालेले पाणी शुद्ध झाले का?

कर्जत-खालापूरच्या डोंगरांत ठाकुरवाडी नावाच्या अनेक वस्त्या आहेत. पावसाळ्यात तेथे चोहीकडे पाणी असते. पण काळ्या कातळात ते फारसे मुरत नाही. उन्हाळ्यात हंडे घेऊन लांब जावे लागते. खालची पाताळगंगा मात्र बारमाही वाहते, कारण 1915 साली सुरू झालेल्या खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी तिला मिळते. तिच्याच काठी खोपोली व रसायनी येथे कारखाने आणि वस्ती वाढली.

अशा नदीत गाळ आणि जंतू असतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण आपण गोळी घेतो, तिचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतो व सांडपाण्याबरोबर नदीला मिळतो. शेतातली कीटकनाशकेही तशीच येतात. ही सेंद्रिय द्रव्ये लिटरला एखादा मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी असतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचे शंभर टँकर भरा आणि त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम औषध विरघळवा, एवढे!

आता खारे पाणी गोड करण्याची एक रीत पाहू. तिला विद्युत-अपोहन म्हणतात. 1954 साली भावनगरला स्थापन झालेल्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायने संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केले आहे. यात प्लॅस्टिकची पातळ आयन-विनिमय पटले आळीपाळीने उभी करतात. एक पटल केवळ धन आयनांना वाट देते, तर दुसरे केवळ ऋण आयनांना. वीज सोडली की सोडियम एका बाजूला जातो, क्लोराइड दुसऱ्या बाजूला आणि मधले पाणी गोड होते.

मग औषधांचे काय होते? पॅरासिटामॉलच्या रेणूवर साध्या पाण्यात विद्युतभार नसतो. वीज त्याला ओढत नाही. तो बहुतांशी गोड पाण्यातच राहतो. डायक्लोफिनॅकवर ऋणभार असतो. तो क्लोराइडच्या मागोमाग पटलाकडे जातो. पण त्याचा रेणू मोठा, आणि त्यातील बेंझीनची कडी पटलातल्या तशाच कड्यांना धरून बसतात. तो तेथेच चिकटतो.

येथेच फसगत होते. पहिल्या दिवशी तपासणी केली तर औषध नाहीसे झालेले दिसते. वास्तविक पटलाने ते स्पंजासारखे शोषलेले असते. स्पंज भरला की औषध पलीकडे पाझरू लागते, किंवा पाण्यातले क्षार बदलताच परत सुटते. म्हणून अशी चाचणी बरेच दिवस चालवावी लागते, आणि पटलाच्या आधी क्रियाशील कोळशाची गाळणी ठेवणे हिताचे ठरते.

क्षार मोजणाऱ्या मीटरचा आकडा उतरला म्हणजे क्षार उतरले, एवढेच समजावे. उकळल्याने जंतू मरतात. डायक्लोफिनॅक मात्र तसेच राहते. तेव्हा उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा ओढ्यात टाकू नका. ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणीतरी हंडा भरत असते.