ताप आणायला चालत जाणारा सरडा

ताप यावा म्हणून आपल्याला कुठे जावं लागत नाही. अंथरुणात पडल्या पडल्याच तो येतो. आपल्या शरीरात अन्नावर चालणारी एक शेगडी रात्रंदिवस पेटलेली असते. जंतू शिरले की मेंदू तिची आच वाढवतो, आणि आई कपाळाला हात लावून म्हणते, "अगं बाई, केवढं तापलंय!" पण सरड्याच्या अंगात अशी शेगडीच नसते. मग आजारी पडल्यावर त्यानं ताप आणायचा कुठून?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर थेट सरड्याकडूनच मिळवलं. साल होतं १९७४. त्यांनी डेझर्ट इग्वाना नावाचे वाळवंटी सरडे घेतले आणि त्यांच्यासाठी एक टोक चांगलंच गरम आणि दुसरं टोक गार अशी जागा तयार केली. निरोगी सरडा या टोकाकडून त्या टोकाकडे ये-जा करायचा आणि अंगाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचा. मग त्यांना जंतू टोचले. आता हे सरडे गरम टोकाला जास्त वेळ थांबायला लागले, आणि त्यांचं अंग नेहमीपेक्षा साधारण दोन अंशांनी जास्त तापलं. त्यांनी चालत जाऊन ताप आणला होता!

या तापाचा काही उपयोग होतो का, हे क्लूगर आणि सहकाऱ्यांनी पुढच्या वर्षी तपासलं. जंतू टोचलेल्या सरड्यांना वेगवेगळ्या तापमानात ठेवलं आणि तिथून हलायची सोयच ठेवली नाही. ३४ अंशांतले सरडे मेले. ४२ अंशांतले बरेचसे जगले.

मला तो गरम-गार टोकांचा प्रयोग फार मोलाचा वाटतो. जगात कितीतरी घरांमध्ये सरडे, साप, कासवं पाळतात, आणि त्यांच्या पेटीत ऊब कशी द्यायची हा पाळणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचं उत्तर त्या प्रयोगात आहे. पेटीचं एकच टोक तापवा. कुठे बसायचं ते सरडा ठरवेल.

बिअर्डेड ड्रॅगन घ्या. हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातला सरडा, शेपटीसकट दीड-दोन फुटांचा. चिडला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवतो आणि ती काळी पडते, म्हणून तो 'दाढीवाला'. सकाळी गारठलेला असताना तो दगडावर किंवा कुंपणाच्या खांबावर चढतो, अंग चपटं करतो आणि रंग गडद करतो, कारण गडद रंग ऊन जास्त शोषतो. पुरेसं तापलं की रंग फिका होतो. त्याहून तापलं तर तोंड उघडून बसतो, आणि शेवटी सावलीत किंवा बिळात शिरतो. डोक्यावर मधोमध त्याला एक तिसरा डोळासुद्धा असतो, खवल्याएवढा! त्यानं चित्र दिसत नाही, पण प्रकाश कळतो.

याच्यासाठी साधारण चार फूट लांब आणि दोन फूट रुंद पेटी घेतात. एका टोकाला वर दिवा आणि दिव्याखाली एक चपटा दगड. दगडाचा पृष्ठभाग ४० अंशांच्या आसपास, दुसरं टोक २५ च्या आसपास, आणि मधे सगळ्या पायऱ्या. रात्री दिवा बंद. घर २० अंशांपर्यंत उतरलं तरी त्याला चालतं, वाळवंटातही रात्री गारच असतात.

दिवा कोणता? इथे एक गंमत आहे. आपण घरोघरी एलईडी लावले, कारण जुना पिवळा बल्ब विजेचा ९० टक्क्यांहून जास्त भाग उष्णतेत घालवायचा. घरासाठी ती उधळपट्टी होती, पण सरड्याला नेमकी तीच हवी! म्हणून अजूनही त्याच्या पेटीत तारेचा किंवा हॅलोजनचा बल्ब लावतात. दिव्याची उंचीही महत्त्वाची. उघड्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट केलं, तर पोचणारी ऊब जवळजवळ चौथाईवर येते. दिव्याला जाळी हवीच, नाहीतर सरडा त्याच्यावर चढेल. आणि या दिव्यासोबत अतिनील किरण देणारी वेगळी नळी लागते. त्या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व बनायला लागतं, पण ते पूर्ण व्हायलाही अंग गरम असावं लागतं. हे जीवनसत्त्व कमी पडलं तर हाडं मऊ पडतात. खिडकीतलं ऊन इथे कामाचं नाही, काच हे किरण अडवते.

काही जण पेटीखाली गरम होणारी चटई, म्हणजे हीट मॅट, लावतात. लेपर्ड गेको हा संध्याकाळी बाहेर पडणारा, पालीच्या नात्यातला प्राणी. त्याला ती सोसते, अर्थात तापमान काबूत ठेवलं तर. बिअर्डेड ड्रॅगनसाठी मात्र ती नको. का, ते बघा. रानात अंग फार तापलं की तो खाली, मातीत जातो, कारण तिथे गारवा असतो. पेटीतही तो तेच करणार, आणि खाली असणार चटई! शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांचं एक काळजीचं लक्षण म्हणजे पोटाखालची वस्तू भाजण्याइतकी तापली तरी ते बरेचदा वेळेवर उठत नाहीत. विजेवर तापणारे नकली दगड पूर्वी खूप विकले जायचे. त्यांच्यावर बसून किती प्राण्यांची पोटं भाजली असतील! ते दगड दुकानात दिसले तरी कुणी घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री खूपच थंडी असेल तर चिनीमातीचा हीटर मिळतो. तो बल्बसारखाच होल्डरमध्ये फिरवून बसवतात, पण त्याचा प्रकाश अजिबात पडत नाही. होल्डरही चिनीमातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो. लाल दिवा लावला तर सरड्याला कळत नाही, असं लोक म्हणायचे. ते चूक आहे. सरड्यांना लाल रंग छान दिसतो आणि त्यांची झोप मोडते.

आता या सगळ्यावर लक्ष ठेवणारा पहारेकरी, थर्मोस्टॅट. इस्त्रीवरचा छोटा दिवा मधेच विझतो आणि पुन्हा लागतो ना? ते इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटचं काम. चटईला असा चालू-बंद करणारा पुरतो. बल्बला तो लावला तर दिवसभर उघडझाप होत राहील, म्हणून तिथे प्रकाश हळूहळू कमी-जास्त करणारा, डिमर प्रकारचा थर्मोस्टॅट लावतात.

पण या पहारेकऱ्याला तापमान कळतं ते फक्त त्याच्या वायरच्या टोकाशी असलेल्या सेन्सरकडून. समजा, सरड्यानं शेपटी मारली आणि ते टोक गार कोपऱ्यात जाऊन पडलं. थर्मोस्टॅटला वाटतं, अरे, पेटी गारठली! मग तो दिवा वाढवतो, वाढवतच राहतो. यंत्र बिघडलेलं नसतं, तरी पेटी भट्टी होते. म्हणून सेन्सर घट्ट बांधतात, आणि शिवाय दोन्ही टोकांना वेगळे थर्मामीटर ठेवतात. दगडाचं तापमान बघायला पिस्तुलासारखा इन्फ्रारेड थर्मामीटर वापरतात. करोनाच्या दिवसांत दारात उभं राहून कपाळापुढे धरायचे ना, त्याच जातीचा.

अंडी उबवताना तर एकेक अंश मोलाचा असतो. बिअर्डेड ड्रॅगनची अंडी ३२ अंशांहून जास्त उबेत राहिली, तर गुणसूत्रांनी नर असलेली काही पिल्लं मादी होऊन बाहेर येतात! त्या माद्या पुढे अंडीही घालतात. ऑस्ट्रेलियात रानातही असं घडतं, हे २०१५ साली सिद्ध झालं.

तुम्ही म्हणाल, आपणही एक पाळूया का? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये तिथला हा सरडा पाळायला सरकारी परवाना लागतो. आपल्याकडे घोरपड, अजगर किंवा पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि कुंपणावरच्या साध्या सरड्यालाही पकडू नका. त्याच्याजवळ आख्खं अंगण आहे, गरम टोकाचं आणि गार टोकाचं.

ते अंगण तुम्ही मोजू शकता. डिसेंबरच्या सुट्टीत एक साधा थर्मामीटर घ्या. सकाळी आठला, अकराला आणि दुपारी दोनला उन्हातल्या भिंतीचं आणि सावलीतल्या मातीचं तापमान वहीत लिहा. शेजारी लिहा त्या वेळी सरडा कुठे होता, कुशी उन्हाकडे होती की तोंड, रंग गडद होता की फिका. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की कागदाने सरड्याची जागा झाका, फक्त तापमानाचे आकडे वाचा आणि तो कुठे असेल ते ओळखून बघा.